कानवल्याचे तास कोण मोजणार?

दसरा उलटला की वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांना, आणि आता मोबाइलवरच्या गटांनाही, एकच उमाळा येतो. जुने पदार्थ विस्मरणात चालले हो! आजीच्या हातचे खाजाचे कानवले आता कुठे मिळतात? आजकालच्या मुलींना वेळ नाही, हौस नाही, चिकाटी तर नाहीच नाही. लिहिणारा बहुधा पुरुष असतो. बाई असली तरी ती त्या घटकेला खाणाऱ्याच्या पाटावर बसून लिहीत असते. मला या उमाळ्याचा राग येतो. कानवल्याचा नाही. कानवला मलाही आवडतो, चांगला जमलेला तर फारच.

ज्या मैत्रिणींनी तो खाल्लेला नाही त्यांच्यासाठी सांगते. खाजाचे कानवले ही मूळची कायस्थ प्रभूंच्या घरांतली चीज. आमच्या रायगडात ही घरे बरीच, म्हणून इकडे त्याचे कौतुकही बरेच. इतर घरांत साट्याची करंजी होते तिची ही थोरली बहीण म्हणा. पारी रव्याची, सारणातही रवा, आणि वर पापुद्रे असे की बोट लावले तर चुरा व्हावा. दिसायला पांढरा, हातात हलका.

हा हलकेपणा येतो कुठून ते बघा. अगदी बारीक रवा तुपाचे मोहन घालून दुधात घट्ट भिजवायचा आणि ओल्या फडक्याखाली चार-पाच तास ठेवायचा. मग तो कुटायचा. मळायचा नव्हे, कुटायचा. वरवंट्याने किंवा खलबत्त्यात, मधूनमधून दुधाचा हात लावत, गोळा लोण्यासारखा होईपर्यंत. एकीकडे परातीत तूप हाताने फेसायचे, ते पांढरे आणि हलके झाले की त्यात तांदळाची पिठी मिसळून साटा करायचा. सुके खोबरे किसायचे, भाजायचे, हाताने चुरायचे. रवा वेगळा भाजायचा, खसखस वेगळी. पिठीसाखर चाळायची, वेलदोडे कुटायचे. मग पातळ पोळ्या लाटून, साटा लावून, एकीवर एक ठेवून घट्ट वळकटी करायची आणि तिच्या लाट्या कापायच्या. लाटी अशी लाटायची की पदर दबून एकजीव होऊ नयेत. सारण भरायचे, कडा दाबायच्या, कातण फिरवायचे, आणि वाळू नयेत म्हणून लगेच ओल्या फडक्याखाली ठेवायचे. तळण मंद आचेवर, दोन-दोन, तीन-तीन. झाऱ्याने वरून तूप उडवत राहायचे म्हणजे पदर सुटतात. आच जरा वाढली की रंग गेला, कमी झाली की तूप प्यायला. तळणारीला जागेवरून हलता येत नाही. मूल रडले तरी नाही, पाळीचे दुखत असले तरी नाही.

कमलाबाई ओगल्यांच्या ‘रुचिरा’ने १९७० मध्ये वाटी-चमच्याचे माप दिले आणि घरी शिकवायला कोणी नसलेल्या कितीतरी नव्या संसारांना आधार झाला. ते मोठेच काम होते. पण वाटी आणि चमचा यांच्या पलीकडचे माप, म्हणजे किती हात आणि किती तास, हे पाककृतीच्या पानावर मी क्वचितच पाहिले आहे. ‘चार वाट्या रवा’ लिहिणे सोपे असते. ‘दोन बायका, दीड तास कुटणे’ असे छापले तर वाचणारा पुरुष पान उलटणार नाही, विचारील तरी, की दुसरी बाई कोण?

आता ‘आजीच्या हातची चव’. कोणाचा हात? कर्जत आणि खालापूर हे भाताचे तालुके. कर्जतच्या कृषी संशोधन केंद्रातून निघालेले कर्जत-३, कर्जत-१८४ हे वाण शेतकऱ्यांना तोंडपाठ आहेत. इथे घरोघरचे गोडधोड म्हणजे तांदळाचे: पातोळे, खांडवी, घावन आणि गूळखोबरे. गव्हाचा रवा, साजूक तूप, खसखस ही मूठभर घरांची सामग्री होती. आणि त्या घरांतही गिरणी येण्यापूर्वी गहू ओलावून जात्यावर रवा काढायचे, साट्याची पिठी कांडायचे, सरपण फोडायचे काम सगळे घरातल्या सुनेवर नव्हते. एका ठाकूरवाडीतल्या म्हातारीला मी विचारले, तुम्ही कधी कानवले केलेत का? ती हसली. म्हणाली, “दळलं आमी, कांडलं आमी, लाकडं आमी फोडली. मोडलेलं तुकडं पोरांसाठी पदरात बांधून आनायचो.” तिचा हात कोणत्याच पुरवणीत आला नाही. सोवळ्यात दिवसभर चुलीपुढे बसलेल्या त्या आजीचा हात आला, पण तोही तिला आराम मिळावा म्हणून आला नाही. सुनेला टोमणा मारायला आला.

जुने ते सगळ्यांचे जुने नसते, हे आपण इतर बाबतींत चटकन ओळखतो. ताटात आले की का विसरतो?

हे झाले पूर्वीचे. आज काय चालले आहे? मुंबईची लोकल कर्जत-खोपोलीपर्यंत येते, द्रुतगती मार्ग खालापुरातून जातो, डोंगराच्या पायथ्याला शेतघरे आणि दुसरी घरे उठली आहेत. शहरातल्या ज्या घरांत आता कानवले होत नाहीत त्या घरांची भूक काही गेलेली नाही. ती गावाकडे वळली आहे. दसऱ्यापासून दिवाळीपर्यंत आमच्याकडच्या बचत गटांना ऑर्डरी येतात. खोक्यावर छापलेले असते: घरगुती, पारंपरिक, हाताने कुटलेले. तो शेवटचा शब्द नीट वाचा. काही जणी रवा मिक्सरमधून फिरवून पाहतात, पण घेणारा व्यापारी ‘हातानेच’ म्हणून हटून बसतो, कारण त्या शब्दाला गिऱ्हाईक आहे. शब्द त्याचा, मनगट हिचे.

गेल्या दिवाळीत खालापूर तालुक्यातल्या एका गटाबरोबर मी दोन दिवस वही घेऊन बसले. पाच जणी, दोनशे कानवले. आदल्या संध्याकाळी रवा भिजवणे, सामान निवडणे यात दोघींचा एक-एक तास. कुटायला दोघी, दीड-दीड तास. सारणाला दोघी, दोन-दोन तास. लाटणे, भरणे, कातणे यात चौघी चार-चार तास. तळणारी एक, सलग पाच तास. शेवटी भांडी घासणे, तेलकट ओटा-जमीन पुसणे, मोजून खोकी भरणे यात पाचही जणींचा एक-एक तास. बेरीज पस्तीस तास. मजुरी नगाला सहा रुपये, म्हणजे बाराशे. तासाला पस्तीस रुपयेही पुरते नाहीत. सामान व्यापाऱ्याचे होते, पण गॅस गटाचा. प्रवासात मोडलेल्यांचे पैसे कापले गेले ते वेगळेच. ही एका गटाची एक वही आहे, तिच्यावरून जिल्ह्याचा हिशेब मांडू नये, हे मला कळते. पण माझ्याकडे एक वही तरी आहे. व्यापाऱ्याकडे एकही नाही, आणि त्याला तिची गरजही वाटत नाही.

बायकांनी दर वाढवून मागितला तेव्हा तो काय म्हणाला? “ताई, घरबसल्या तर मिळतंय ना!” या ‘घरबसल्या’ शब्दाला एकदा धरून जाब विचारला पाहिजे. पाच तास कढईपुढे उभी असलेली बाई कुठे बसली होती? तिच्या हातावर तुपाचे डाग आहेत, रात्री मनगटाला फडके बांधून ती झोपते. ‘घरबसल्या’ म्हणजे जागेचे भाडे नाही, विजेचे बिल नाही, कामाचे तास नाहीत, अपघाताची जबाबदारी नाही. ही सगळी बचत व्यापाऱ्याची. बचत गट हे नाव त्या अर्थाने अगदी खरे आहे!

व्यापाऱ्याचीही बाजू असते. साहित्य महाग, खोके महाग, वाहतूक आहे, दिवाळी सरली की उरलेला माल कोणी घेत नाही. कबूल. त्याने तुपाच्या दुकानदाराला मात्र “जरा कमी कर, तुझं तूप तर घरचंच आहे” असे म्हटलेले मी ऐकले नाही.

कायद्याला हे दिसत नाही असेही नाही. घरी बसून विड्या वळणारी बाई १९६६ च्या विडी-सिगार कामगार कायद्याने कामगार ठरली. कारखान्याच्या भिंतीआड न जाता ठरली. १९४८ च्या किमान वेतन कायद्यात, वेळेवर किमान दर ठरलेला असेल तर नगावर काम करणाऱ्यालाही त्याहून कमी देता येणार नाही, अशी तरतूद होती. नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याची जागा वेतन संहितेने घेतली. घरी राहून दुसऱ्यासाठी माल तयार करणाऱ्या कामगाराची व्याख्या २००८ च्या असंघटित कामगार कायद्यात होती आणि २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही आहे. व्याख्या आहे, दर नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९९६ मध्ये घरून काम करणाऱ्यांसाठी १७७ क्रमांकाचा करार केला, त्यावर भारताने अजून मान्यतेची मोहोर उठवलेली नाही. म्हणजे विडी वळणारीला कायद्यात जागा, कानवला वळणारी मात्र ‘हौशी गृहिणी’! फरक एवढाच की विडी वळणाऱ्या लढल्या, वर्षानुवर्षे लढल्या, आणि ‘आम्ही कामगार’ असे म्हणायला त्यांना लाज वाटली नाही. फराळ करणारीला मात्र आपण सगळ्यांनी मिळून ‘उद्योजिका’ म्हणून टाकले आहे. उद्योजिका म्हटले की तोटा तिचा.

आणि ऑर्डरीचे सोडा, घरच्या कानवल्यांना तर दमडीही नाही. त्या श्रमाचे मोल न्यायालयाने केले आहे, पण केव्हा? ३ मार्च १९८९ रोजी जमशेदपूरला टाटा पोलादच्या समारंभात आग लागली, त्यात अनेक स्त्रिया आणि मुले गेली. त्या दाव्यात, लता वाधवा खटल्यात, २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गृहिणीच्या कामाचे मूल्य महिना तीन हजार रुपये धरले. २०२१ मध्ये कीर्ती विरुद्ध ओरिएंटल इन्शुरन्स या निकालात पुन्हा बजावले की गृहिणीचे काम हे काम आहे, त्याचे उत्पन्न धरून भरपाई द्या. चांगले निकाल आहेत, उपयोगाचे आहेत. पण दोन्हीत ती बाई मेलेली आहे. जिवंतपणी तिने तासांचा हिशेब मांडला तर तिला ‘घरात दुकान मांडलंस का?’ असे ऐकावे लागते.

सरकारने तास मोजले आहेत. २०२४ च्या वेळ-वापर पाहणीत, घरकाम करणाऱ्या बाईची त्यातली रोजची मिनिटे २८९ निघाली आणि घरकाम करणाऱ्या पुरुषाची ८८. त्यातही पाहणीच्या दिवशी घरकामाला हात लावणाऱ्या बायका शंभरात ८१ च्या वर, पुरुष २७. २०१९ च्या पाहणीत हेच आकडे २९९ आणि ९७ मिनिटे होते. पाच वर्षांत बाईची दहा मिनिटे कमी झाली आणि पुरुषाची नऊ. पुरुषांनी बरोबरी साधली ती अशी! आणि हे झाले वर्षभराच्या सरासरीचे. दिवाळीच्या आधीचा आठवडा वेगळा काढून मोजला तर काय निघेल याची कल्पना प्रत्येक वाचकीने आपल्या घरावरून करावी.

यावर एक उत्तर नेहमी येते: बायकांचे हात नाजूक, पुरुषाला हे जमत नाही. जमत नाही? लग्नाच्या मांडवातला आचारी कोण असतो? हलवायाच्या भट्टीवर कोण उभा असतो? जिथे तळणीला पैसे आहेत तिथे झारा पुरुषाच्या हातात आहे. आणि कुटणे हे तर सगळे ताकदीचे काम. ताकदीचा अभिमान ज्यांना आहे त्यांनी दीड तास वरवंटा चालवायला काय हरकत आहे? माझ्या ओळखीच्या एका घरात, खोपोलीच्या कारखान्यातून निवृत्त झालेले एक काका गेली काही वर्षे रवा कुटतात. गल्लीत आधी हसले, आता कोणी हसत नाही. कानवले चांगले होतात. क्रांती झालेली नाही, काकूंची पाठ थोडी कमी दुखते.

दुसरे उत्तर आपल्यातूनच येते, आणि ते जास्त बोचते. “बायकांना यात आनंद मिळतो, चार जणी एकत्र येतात, बोलतात, तो अवकाश तुम्ही हिरावू नका.” खरे आहे. त्या दोन दिवसांत लाटता लाटता जे बोलणे झाले ते आमच्या शिबिरात महिनाभरात होत नाही. एकीने नवऱ्याच्या मारहाणीचे प्रथमच तिथे सांगितले. पण आनंद होतो म्हणून मजुरी कमी, हा न्याय आपण प्राध्यापकाला लावतो का? गवयाला लावतो का?

एम.एस.डब्ल्यू. करताना आम्हाला ‘उत्पन्नवाढीचे उपक्रम’ शिकवले. पापड, मसाले, शिवण, फराळ. पुढे कामाला लागल्यावर दिसले की प्रकल्प कोणाचाही असो, यादी तीच. राज्याचे महिला आर्थिक विकास महामंडळ १९७५ चे, ‘उमेद’ अभियान २०११ चे, मध्ये छत्तीस वर्षे गेली. कढई तिथेच आहे. ८ मार्चला मंडपात आपण घोषणा देतो, घरकामाला मोल द्या, आणि त्याच मंडपाच्या बाजूला गटांचे फराळाचे स्टॉल लावतो, जिथे दर ठरवताना सामानाचे पैसे धरतात, गाडीभाडे धरतात आणि तास धरत नाहीत. पाहुण्यांना खोके भेट देताना तर अजिबातच नाही.

वेगळी वाट महाराष्ट्राला ठाऊक नाही असे थोडेच आहे? १९५९ मध्ये गिरगावात सात बायकांनी ऐंशी रुपये उसने घेऊन पापड लाटायला घेतले, तेव्हा लाटणारी हीच मालक, हे लिज्जतने पहिल्यापासून धरून ठेवले. १९७५ मध्ये प्रेमाताई पुरव यांनी गिरणी कामगारांना जेवण घालणाऱ्या खानावळवाल्यांना संघटित केले तेव्हा त्यांनी नव्या पाककृती शिकवल्या नाहीत. सावकाराच्या जाचातून सोडवायला बँकेचे कर्ज मिळवून दिले. स्वयंपाक त्या बायकांना येतच होता. आमच्याकडच्या बायकांनाही रवा कुटायला येतो. त्यासाठी तीन दिवसांचे प्रशिक्षण आणि प्रमाणपत्र नको आहे.

यातही सगळ्या एका पायरीवर नाहीत, हे सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. गटात तळणाऱ्या, लाटणाऱ्या बायका बहुतेक गावातल्या, थोडीफार शेती असलेल्या. मोठी ऑर्डर आली की कुटायला आणि भांडी घासायला त्या कातकरवाडीतली बाई रोजावर बोलावतात, आणि तो रोज नगाच्या मजुरीतून जातो. तिचे नाव गटाच्या वहीत नाही. तिचे कुटुंब दिवाळी झाली की वीटभट्टीवर जाणार, बहुधा आधीच उचल घेतलेली. नगाचा दर सहा रुपये असेल तर तिच्या वाट्याला काय येणार? व्यापाऱ्याशी भांडताना आपण ‘आम्ही बायका’ म्हणतो. वाटप करताना ती त्या ‘आम्ही’त असते की नाही, हे प्रत्येक गटाला विचारायला हवे.

यंदा या गटाने व्यापाऱ्यापुढे ठेवायला एक कागद केला आहे. दर नगावर नको, तासावर. नग मोजायचाच असेल तर तासाचा दर धरून मग भागाकार. गॅसचे पैसे वेगळे. कुटणाऱ्या आणि घासणाऱ्या बाईचे नाव वहीत, दर तोच. वाटेत मोडलेल्याची जबाबदारी नेणाऱ्याची. ‘हाताने कुटलेले’ छापायचे असेल तर त्या शब्दाचे वेगळे पैसे, नाहीतर मिक्सर चालेल. ही शेवटची अट लिहिताना खूप हशा झाला, पण ती कागदावर राहिली आहे. पाचपैकी तिघींनी सह्या केल्या. दोघी थांबल्या आहेत. एकीचा नवरा म्हणतो, व्यापारी पलीकडच्या गावात जाईल. आणि तो जाईलही. पलीकडच्या गावातही गट आहे, तिथेही कढई आहे.

म्हणूनच हे इथे लिहिते आहे. ज्या गटांना, संघटनांना फराळाच्या ऑर्डरी येतात, त्यांनी येत्या दिवाळीत एक-एक वही ठेवावी आणि तिची नक्कल मासिकाच्या पत्त्यावर पाठवावी. कानवले नसतील तर करंज्या चालतील, चकल्या चालतील. बायकांची नावे नकोत. किती नग, किती हात, कोणते काम कोणी किती वेळ केले, सरपण होते की गॅस, मोडतोडीचे किती कापले आणि शेवटी कोणाच्या हातात किती पडले, एवढे पुरे. कर्जत, खालापूर, पेण, पनवेल, सुधागड इथल्या वह्या आधी आल्या तर बरे. व्यापारी याच पट्ट्यात फिरतात.